पार्श्वभूमी : वीरगळ वाचायला शिकताना

पुण्याच्या आसपास कितीतरी गावांत देवळाबाहेर वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीरांच्या स्मारकशिला, उभे दिसतात. ते अभ्यासाचा विषय व्हायला मात्र फार उशीर झाला. एकोणिसाव्या शतकातल्या पाहण्यांचा भर लेणी, मंदिरे आणि शिलालेखांवर होता. महाराष्ट्रातल्या बहुसंख्य वीरगळांवर एक अक्षरही नाही, म्हणून ते मागे पडले. १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ सुरू केले, तेव्हाही मुख्य ओढ जुन्या कागदपत्रांचीच होती.

अक्षर नसले तरी वीरगळ बोलतो. तो खालून वर वाचायचा. सर्वांत खाली पडलेला वीर. शेजारी गाई असतील, तर गोधन राखताना आलेले मरण. त्यावर लढाई, मग वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि वर शिवलिंगाची पूजा. माथ्यावरचे चंद्र-सूर्य म्हणजे ते आहेत तोवर कीर्ती राहील. सती गेलेल्या स्त्रीच्या स्मारकावर, म्हणजे सतीशिळेवर, कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात असतो. कोवळ्या किंवा कलत्या उन्हात गेलात तर झिजलेले कामही उठून दिसते.

शिल्प ओळखले की काम संपले, ही समजूत ज्यांनी मोडली त्यांत दामोदर धर्मानंद कोसंबी महत्त्वाचे. हे गणिती पुण्याभोवतालच्या टेकड्या आणि गावे पायी हिंडले. शेंदूर फासलेल्या तांदळ्यासमोर, म्हणजे देव म्हणून पुजल्या जाणाऱ्या अनघड दगडासमोर, थांबून ते विचारत : याला कोण पुजते, कधी, नैवेद्य काय? पुढे जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्या ऐकत हीच वाट रुंद केली. स्मारकशिलांवरचा त्यांचा सहसंपादित ग्रंथ १९८२ चा.

शेंदूर खरवडून खालचे शिल्प पाहण्याचा मोह विद्यार्थ्याने टाळलाच पाहिजे. ज्या वीराचे नाव विसरले, त्याला गाव म्हसोबा म्हणून पुजत असेल, तर तोही त्या दगडाचाच इतिहास आहे. वहीत दोन्ही नोंदी हव्यात.

नवशिक्याने थेऊरपासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तिथे वारले, रमाबाई सती गेल्या. रमाबाईंचे वृंदावन, म्हणजे स्मारक, नदीकाठी आहे. तिथे नाव, तारीख, कागद सगळे हाताशी असते; स्मारक आणि लिखित पुरावा शेजारी ठेवून पाहता येतो. मग निनावी सतीशिळेकडे वळावे.