रस्ता कोण झिजवतं?

1956 ते 1958 या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ इंजिनिअरांनी मुद्दाम खराब करण्यासाठी रस्ते बांधले. काही डांबरी, काही काँक्रीटचे, प्रत्येक तुकड्याची जाडी वेगळी. त्यांवरून लष्कराचे जवान दोन वर्षं ठरावीक वजनाचे ट्रक फेऱ्यांमागून फेऱ्या फिरवत राहिले. कोणता तुकडा कधी भेगाळतो, चाकोरी किती खोल पडते, याची बारकाईने नोंद होत गेली.

त्यातून निघालेला नियम रस्ते बांधणाऱ्यांना तोंडपाठ असतो: झीज ॲक्सलवरच्या, म्हणजे समोरासमोरची चाकं जोडणाऱ्या आसावरच्या, वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. वजन दुप्पट झालं, तर झीज सोळापट. 4,000 पौंडांच्या मोटारीच्या एका ॲक्सलवर सुमारे 2,000 पौंड येतात. ट्रकच्या हिशेबात प्रमाण धरतात तो ॲक्सल 18,000 पौंडांचा, म्हणजे नऊपट. नऊचा चौथा घात 6,561. रस्त्याच्या आणि जमिनीच्या प्रकाराप्रमाणे हा घातांक थोडा खालीवर होतो. पण चारऐवजी तीन धरला तरी उत्तर 729 येतं.

वाहनचालकांनी रस्त्याचा कर मैलांप्रमाणे भरावा का, असा वाद अमेरिकेत बरीच वर्षं चालू आहे. त्यात हा आकडा फार कमी वेळा ऐकू येतो, याची मला खंत वाटते.

वादाचं मूळ पेट्रोलच्या करात आहे. 1919 मध्ये ओरेगॉन राज्याने देशात पहिल्यांदा गॅलनमागे एक सेंट कर लावला. जास्त गाडी चालवणारा जास्त इंधन जाळतो, म्हणून तो जास्त भरतो. त्या काळी हे माप चोख होतं. केंद्राचा कर आज गॅलनला 18.4 सेंट आहे, आणि तो 1993 पासून तसूभरही हललेला नाही. महागाई धरली तर त्याची किंमत निम्म्याहून खाली आली आहे. शिवाय गाड्या कमी पितात. वर्षाला 10,000 मैल फिरणारी, गॅलनला 25 मैल देणारी मोटार केंद्राला 73 डॉलर 60 सेंट देते. 50 मैल देणारी त्याच्या निम्मे. विजेवरची गाडी काहीच नाही. तिघींनी रस्ता वापरला तेवढाच. केंद्राच्या महामार्ग निधीत 2008 पासून सर्वसाधारण तिजोरीतून पुन्हा पुन्हा भर घालावी लागते आहे, याचं आश्चर्य वाटू नये.

म्हणून मैल मोजायचे. 2015 मध्ये ओरेगॉननेच स्वेच्छेने नाव नोंदवणाऱ्या चालकांसाठी मैलाला 1.5 सेंटची योजना सुरू केली. हवाई राज्याने 2025 पासून विजेच्या गाड्यांना मैलाला 0.8 सेंट किंवा वर्षाला सरसकट 50 डॉलर असा पर्याय दिला.

सरकार आपल्यावर पाळत ठेवेल, ही लोकांची पहिली भीती. ती रास्त आहे, पण तिच्यावर उपाय आहे. ओरेगॉनमध्ये जीपीएस नसलेलं उपकरणही निवडता येतं. न्यूझीलंडमध्ये तर डिझेलच्या गाड्या 1978 पासून अंतरावर पैसे भरतात: मालक 1,000 किलोमीटरचा परवाना आधीच विकत घेतो आणि हलक्या गाड्यांचा हिशेब गाडीतल्या साध्या ओडोमीटरवर, म्हणजे अंतर मोजणाऱ्या काट्यावर, होतो. 2024 च्या एप्रिलपासून विजेच्या गाड्याही त्यात आल्या. गाडी कुठे गेली हे कुणाला कळण्याची गरजच पडत नाही.

मला जास्त कठीण वाटते ती वसुली. पेट्रोलचा कर चालकाच्या खिशातून जात असला, तरी सरकार तो पंपावर गोळा करत नाही. मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडून आधीच घेतं. मैलांचा कर कोट्यवधी गाड्यांकडून एकेक करून घ्यावा लागेल आणि त्या कामाचा खर्च करातूनच जाईल. आणखी एक तोटा आहे. गॅलनला 15 मैल देणारा जुना पिकअप आज केंद्राला मैलामागे सव्वा सेंटाच्या आसपास देतो. सर्वांना सारखा दर लावला तर लांबचं अंतर कापणाऱ्या खेड्यातल्या माणसाचा भार कदाचित हलका होईल, पण कमी इंधन जाळणारी गाडी घेण्याचं एक कारणही नाहीसं होईल. हवेच्या प्रदूषणासाठी इंधनावरचा थोडा कर तसाच ठेवावा, असं माझं मत आहे.

आता पुन्हा वजनाकडे. विजेच्या गाड्या जड असतात म्हणून रस्ता जास्त उखडतात, असा युक्तिवाद हल्ली सर्रास होतो. बॅटरीमुळे वजन 20 टक्के वाढलं, तर चौथ्या घाताने झीज दुप्पट होते, हे खरं. पण मूळ मोटारीची झीजच एका ट्रक ॲक्सलच्या हजारो हिश्श्यांपैकी एक; तिची दुप्पट कितीशी होणार? मोटार पेट्रोलची असो वा विजेची, वजनाने रस्ता ती जवळजवळ झिजवतच नाही.

तरी तिने काहीच देऊ नये असं नाही. पाणी मुरून, गोठून, वितळून रस्ता गाड्यांशिवायही फुटतो. पूल, दिवे, बर्फ हटवणं यांचा खर्च सर्वांचाच. आणि गर्दीच्या वेळी रस्त्यावर आलेली प्रत्येक मोटार मागच्या सगळ्यांचा वेळ खाते. रस्ते रुंद करावे लागतात ते या गर्दीपायी, आणि कोणत्या वेळी गाडी कुठे होती हे निव्वळ मैलांच्या आकड्यात दिसत नाही. स्टॉकहोममध्ये 2006 साली शहराच्या मध्यभागात येण्या-जाण्यावर वेळेनुसार शुल्क लावून पाहिलं, तेव्हा त्या सीमेवरची वाहतूक पाचव्या हिश्श्याने घटली.

माझं म्हणणं असं: मैल जरूर मोजा, पण मोटारींना त्याचा दर माफक ठेवा आणि खरा हिशेब जड वाहनांकडे मांडा. त्याचा नमुना शोधायला दूर जायला नको. ओरेगॉनमध्ये 26,000 पौंडांवरचे ट्रक कित्येक दशकं वजन आणि मैल यांवर कर भरत आले आहेत. 80,000 पौंडांच्या वर तर तेवढंच वजन जास्त ॲक्सलवर वाटलं की दर कमी होतो. यामागचं गणित तपासता येतं: 80,000 पौंड पाच ॲक्सलवर सारखे वाटण्याऐवजी सहांवर वाटले, तर चौथ्या घाताच्या नियमाने एकूण झीज 40 टक्क्यांहून जास्त घटते. वाहतूक महागेल आणि मालाचे भाव चढतील, ही ट्रकमालकांची तक्रार अशा दरपत्रकापुढे बरीच सौम्य होते, कारण एक ॲक्सल वाढवून कर कमी करून घेणं त्यांच्याच हातात असतं.