कामाच्या ठिकाणची हवा आणि उष्मा (गोवा)

कारखाना, हॉटेल, कार्यालय, बांधकाम किंवा खाण अशा ठिकाणी माणूस पाळीभर ज्या हवेत श्वास घेतो तिची शुद्धता, तिथले तापमान व दमटपणा, आणि हे सारे आरोग्याला सोसवेल असे राखून घेण्याचा कामगाराचा कायदेशीर हक्क, असा हा विषय आहे. गोव्यात तो प्रामुख्याने दमट उष्म्याचा प्रश्न ठरतो. साध्या तापमापकावर हा उष्मा नीट दिसत नाही, म्हणून तो सहज दुर्लक्षिला जातो.

दमट उष्मा : मे महिन्यात किनारपट्टीवर पारा 33-34 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. विदर्भातल्या 44 अंशांपुढे हा आकडा सौम्य वाटतो. पण शरीर थंड होते ते घाम सुकल्यामुळे. हवेत बाष्प भरलेले असले की घाम सुकत नाही, नुसता ओघळतो. म्हणून कामाच्या जागी वेट बल्ब तापमान पाहावे लागते, म्हणजे ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक दाखवतो तो आकडा. हवा 44 अंश आणि आर्द्रता 15 टक्के असताना तो 23 च्या आसपास राहतो. हवा 33 अंश आणि आर्द्रता 70 टक्के असताना मात्र 28 च्या वर जातो. अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत कामाच्या खोलीत जमिनीपासून दीड मीटर उंचीवर वेट बल्ब तापमान 30 अंशांपुढे जाऊ नये आणि हवा मिनिटाला किमान 30 मीटर वेगाने खेळती असावी, अशी मर्यादा आहे. गोव्यातल्या मे महिन्यात बाहेरचीच हवा आत घेतली तरी त्या मर्यादेपर्यंत जेमतेम दीड-दोन अंश उरतात. पत्र्याचे छप्पर, बॉयलर, वाफेच्या नळ्या आणि माणसांची गर्दी ते सहज भरून काढतात. अशा शेडमध्ये नुसते पंखे वाढवून भागत नाही. छपराला उष्णतारोधक थर, वरून गरम हवा बाहेर काढणारी व्यवस्था, उष्णतेचा उगमच झाकणे आणि कामाच्या तासांत सावलीतली विश्रांती, हे सारे लागते. शरीराला उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे जातात. त्यामुळे झारखंड-ओडिशातून नुकत्याच आलेल्या कामगाराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळीला भट्टीपुढे उभे करणे धोक्याचे असते. चक्कर, पेटके, मळमळ ही आधीची लक्षणे. बोलण्यात असंबद्धता आली की तो उष्माघात समजून तातडीने अंग थंड करावे आणि इस्पितळ गाठावे.

धूळ, धूर, बाष्प : वेर्णा, कुंडई, डिचोली, पिसुर्ले, कुंकळ्ळी अशा औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मितीपासून धातुकामापर्यंतचे उद्योग आहेत. औषधांच्या भुकटीचे बारीक कण, वेल्डिंगचा धूर, रंग आणि द्रावकांचे बाष्प यांचा उपाय वेगवेगळा असतो. तोंडाला फडके बांधणे हा यांपैकी कशावरही उपाय नव्हे. धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घेणारी यंत्रणा हा पहिला उपाय, मास्क हा शेवटचा. काजू कारखान्यांत बिया भाजताना सालीतल्या तेलाचा धूर डोळे आणि घसा जाळतो, आणि बिया फोडण्याच्या कामावर बहुतांश बायका असतात. मासळी प्रक्रियेत प्रश्न उलटा होतो : उणे 18 अंशांच्या शीतगृहातून माणूस दमट धक्क्यावर येतो आणि पुन्हा आत जातो.

लोह खनिजाच्या धुळीने सत्तरी, सांगे, डिचोलीतली गावे लाल झाली. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. त्या वादात शेते, पाणी आणि रस्ते यांची चर्चा पुष्कळ झाली. ती व्हायलाच हवी होती. पण टिप्परच्या (खनिज वाहणाऱ्या ट्रकच्या) चालकाची आणि क्रशरवर उभ्या असलेल्या मजुराची फुप्फुसे त्या चर्चेत फार कमी आली. खाणींवरची सुरक्षा केंद्राच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे असते, राज्याच्या निरीक्षकाकडे नाही. तक्रार कुठे करायची याचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

कायदा : कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 13 मध्ये वायुवीजन व तापमान, कलम 14 मध्ये धूळ व धूर, आणि कलम 16 मध्ये दर कामगारामागे किमान 14.2 घनमीटर जागा यांची तरतूद होती. 4.2 मीटर उंचीच्या वरची पोकळी या हिशेबात धरायची नाही, असेही त्यात होते. भोपाळ दुर्घटनेनंतर 1987 च्या दुरुस्तीने घातक प्रक्रियांविषयीची कलमे आली आणि तक्रारदाराची ओळख गुप्त ठेवण्याचे बंधन निरीक्षकावर आले. 1995 मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली. तिने 13 कायदे एकत्र केले आणि दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापना कक्षेत घेतल्या. गोव्यात कारखान्यांवरची देखरेख पणजीतल्या कारखाने व बाष्पक (बॉयलर) निरीक्षणालयाकडे असते.

हक्क : आपण कोणत्या पदार्थात काम करतो आणि त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, हे विचारण्याचा हक्क कामगाराला आहे. जिवाला किंवा आरोग्याला तत्काळ धोका वाटल्यास तो मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकाला कळवू शकतो. मग मालकाने लगेच उपाय करायचा असतो. लक्षात घ्यावे, हा इशारा देण्याचा हक्क आहे. निरीक्षकाचा निर्णय येईपर्यंत काम थांबवून बाहेर उभे राहण्याची स्पष्ट मुभा कायद्याच्या शब्दांत नाही. ही मोठी उणीव आहे, कारण कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी कामावर नको म्हणायला एक फोन पुरतो. धुळीने किंवा रसायनाने जडलेला अनुसूचित (कायद्याच्या यादीतला) आजार कामावरची इजा मानला जातो, आणि कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) नोंद असलेल्याला त्यासाठी रोख भत्ता व उपचार मिळतात. योजनेचे इस्पितळ मडगावला आहे.

कारखान्याच्या भिंतीबाहेर : गोव्याची रोजी हॉटेल, उपाहारगृहे आणि बांधकाम यांवर मोठ्या प्रमाणात चालते. तंदूर आणि तळणीच्या मधोमध उभा असलेला आचारी आजवर 1973 च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली येत आला, 14.2 घनमीटरचा नियम त्याच्यासाठी नव्हता. जेवणाच्या दालनात वातानुकूलन आणि स्वयंपाकघरात एकच एक्झॉस्ट, ही विभागणी इतकी रुळली आहे की ती कुणाला खटकत नाही. खटकली पाहिजे. नवी संहिता मोठ्या हॉटेलांपर्यंत पोहोचेल, पण चार-पाच माणसांचा पोदेर (पाव भाजणारा), फेणीची भट्टी, घरगुती काजूकाम तिच्या बाहेरच राहतात. धुराच्या एका बाबतीत गोवा पुढे होता : सार्वजनिक जागी धूम्रपान रोखणारा राज्याचा कायदा 1997 मध्येच झाला.

मार्च 2023 मध्ये उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे शाळा दुपारआधी सोडल्या गेल्या. परांचीवरच्या गवंड्यासाठी तसा आपोआप लागू होणारा नियम नाही. दुपारी बारा ते तीन उन्हातले काम टाळायचे की नाही, हे ठेकेदार ठरवतो. तक्रार करताना पाळी, वेळ, जागा, त्या वेळचे तापमान व आर्द्रता आणि कुणाला काय त्रास झाला याची तारखेनिशी नोंद जोडली, तर निरीक्षकाला त्याच वेळी येऊन मोजमाप करता येते. सकाळी दहा वाजता घेतलेल्या मोजमापात दुपारची भट्टी सापडत नाही.