मुंबईचा चंद्रोदय: पंचांगातल्या एका मिनिटामागचा इतिहास

संकष्टीच्या रात्री उपास सोडायला मुंबईकर ज्या मिनिटाची वाट पाहतो, ते मिनिट नागपूरकराला जवळपास २५ मिनिटे आधीच मिळालेले असते. मुंबई ७२°५०' पूर्व रेखांशावर, नागपूर ७९°०५' वर. एका अंशाला ४ मिनिटे. पुण्याचा फरक चारेक मिनिटांचा, सोलापूरचा साधारण १२ मिनिटांचा. तिथी मात्र सगळीकडे एकाच क्षणी लागते आणि एकाच क्षणी संपते. तिथी सगळ्यांची एक, चंद्रोदय ज्या त्या गावाचा. ही साधी गोष्ट छापील तक्त्यात नीट उतरायला काही शतके लागली.

सूर्य आणि चंद्र यांच्यातले अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. अमावास्येपासून अमावास्येपर्यंत सरासरी २९ दिवस १२ तास ४४ मिनिटे आणि त्यात ३० तिथी. चंद्राचा वेग सारखा नसल्याने एखादी तिथी २० तासांत आटोपते, तर एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. हे गणित महाराष्ट्रात शतकानुशतके चालले ते ‘ग्रहलाघवा’वर. गणेश दैवज्ञांनी हा ग्रंथ शके १४४२ मध्ये, म्हणजे इ.स. १५२० च्या सुमारास, मुरूडजवळच्या नांदगावी रचला. समुद्रकाठच्या या ज्योतिष्याने ज्या-कोज्येची (साइन-कोसाइनची) किचकट आकडेमोड टाळून सगळे गणित साध्या गुणाकार-भागाकारावर आणले. दिवसांची संख्या फुगू नये म्हणून ४,०१६ दिवसांचे, म्हणजे सुमारे ११ वर्षांचे, एक चक्र धरले. गावोगावच्या जोशांना पंचांग हाताने मांडता आले ते या सोयीमुळे.

पण त्यात एक उणीव होती. जुन्या गणितात चंद्राच्या गतीला एकच मोठा संस्कार, म्हणजे दुरुस्ती, दिलेला होता. पौर्णिमा-अमावास्येला तो चांगला जुळे, म्हणून ग्रहणे बऱ्यापैकी बरोबर येत. अष्टमीच्या आसपास मात्र चंद्र गणितापेक्षा दोन-अडीच अंश पुढेमागे असे. सूर्य-चंद्राचे अंतर तासाला साधारण अर्ध्या अंशाने बदलते, तेव्हा तिथी संपण्याची वेळ चार-पाच तासांनी चुकू शके. पंचांगकर्त्यांच्या भाषेत हाच वाद ‘बाणवृद्धी रसक्षय’ की ‘सप्तवृद्धी दशक्षय’ असा आहे. ६० घटिकांच्या तिथीत ५ घटिकांची वाढ आणि ६ ची घट होते हे जुने मत. आकाशात पाहिले तर वाढ ७ आणि घट १० घटिकांपर्यंत जाते.

आकाशाशी जुळणाऱ्या, म्हणजे दृक्प्रत्ययी पंचांगाचा आग्रह मराठीत धरला तो केरो लक्ष्मण छत्रे यांनी. तरुणपणी ते कुलाबा वेधशाळेत होते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये ही वेधशाळा उभारली ती आकाशाचे वेध घेण्यासाठी आणि बंदरातल्या जहाजांना अचूक वेळ मिळावी म्हणून. दर्यावर्दींसाठी इंग्लंडात छापल्या जाणाऱ्या नाविक पंचांगातली चंद्राची स्थाने छत्र्यांनी आधाराला घेतली आणि १८६५ पासून नवे पंचांग निघू लागले. तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले. त्यानंतर अयनांशांवरून, म्हणजे राशिचक्राची सुरुवात आकाशात नेमकी कुठे धरायची यावरून, वर्षानुवर्षे वाद झाले, १९०४ मध्ये मुंबईत पंचांग सुधारणेसाठी परिषदही भरली. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: अयनांश कोणतेही घ्या, तिथी बदलत नाही. तिथी ही दोन स्थानांची वजाबाकी आहे, आणि वजाबाकीत अयनांश उडून जातात. नक्षत्र आणि संक्रांत मात्र बदलतात.

दुसरा गुंता घड्याळाचा. जुन्या पंचांगात वेळा सूर्योदयापासून घटिका-पळांत असत: एक घटिका २४ मिनिटांची, एक पळ २४ सेकंदांचे. गावचा सूर्योदय तो गावचा आरंभ, त्यामुळे घड्याळ कोणतेही असो, पंचांगाचे काही बिघडत नसे. तास-मिनिटे छापू लागल्यावर प्रश्न आला की कोणते तास? मुंबईची स्थानिक वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. १८८१ मध्ये सरकारी कचेऱ्यांवर मद्रासची वेळ लादली गेली, लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, ५ तास ३० मिनिटांची. तरी शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत रेंगाळला. जुन्या कागदपत्रातली मुंबईची वेळ आजच्या वेळेत आणायची तर ३९ मिनिटे मिळवा, पण आधी तो आकडा कोणत्या घड्याळाचा आहे ते तपासा.

हीच ३९ मिनिटे पुन्हा एका ठिकाणी आडवी येतात. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्याचे मध्यवर्ती स्थान ८२°३०' पूर्व आणि २३°११' उत्तर. त्या बिंदूचा चंद्रोदय मुंबईत वापरला, तर चंद्र उगवायच्या आधी सुमारे ४० मिनिटे माणूस गच्चीवर जाऊन उभा राहील. संकष्टीला तर दिवस कोणता हेही चंद्रोदयाला चतुर्थी आहे की नाही यावर ठरते. नागपूरचा चंद्र उगवल्यावर आणि मुंबईचा उगवायच्या आत चतुर्थी लागली, तर दोन शहरांची संकष्टी वेगवेगळ्या दिवशी येऊ शकते. असा योग क्वचित येतो, पण आला की चूक पंचांगाची नसते.

चंद्रोदय म्हणजे नेमके काय, यावरही आकडा हलतो. आजच्या तक्त्यांत चंद्राची वरची कड क्षितिजाला टेकते तो क्षण धरतात. वातावरणातल्या वक्रीभवनाने चंद्र ३४ कलांनी (६० कला म्हणजे एक अंश) वर दिसतो. उलट आपण पृथ्वीच्या केंद्रात नसून पृष्ठभागावर आहोत, म्हणून तो सुमारे ५७ कलांनी खाली जातो. हे लंबन विसरले की मुंबईत चंद्रोदय चारेक मिनिटे लवकर येतो. कडेऐवजी बिंबाचा मध्य धरला तर मिनिटभराचा फरक. याशिवाय मुंबईचे पूर्व क्षितिज मोकळे नाही. दक्षिण मुंबईतून माथेरानची सुमारे ८०० मीटर उंचीची रांग अंदाजे ५० किलोमीटरवर आहे, ती तीनेक मिनिटे खाते. समोर पाच अंश उंचीपर्यंत इमारती असतील तर २० मिनिटे जातात. छापील वेळेची खरी परीक्षा चंद्रास्ताला होते, कारण पश्चिमेला समुद्र आहे.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. कोजागिरीनंतर ही वाढ मुंबईत साधारण ४० ते ४५ मिनिटांची असते, चैत्रात ती ५५ च्या पुढे जाते. कृष्ण अष्टमीच्या सुमारास उदय मध्यरात्र ओलांडतो, म्हणून एखाद्या तारखेला चंद्रोदयाचा रकाना रिकामा दिसतो. ती छपाईची चूक नाही. सूर्योदयापासून दिवस मोजणारी पंचांगे तीच वेळ २४:३५ अशी देतात. ती पुढच्या तारखेची ००:३५ वाचायची.

किनाऱ्यावर ही वेळ उपासापेक्षा भरतीसाठी जास्त लागे. पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांत उधाण, अष्टमीनंतर भांग, म्हणजे लहान भरती. कोकणात जुना हिशेब असा की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते: चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता. तोंडी हिशेबाला हा उत्तम, पण तो भरती रोज सारख्याच अंतराने पुढे सरकते असे धरतो. प्रत्यक्षात उधाणानंतर ती रोज ३५-४० मिनिटेच सरकते आणि भांगाच्या सुमारास तासाहून जास्त, कारण सूर्याची ओढ चंद्राच्या ओढीला कधी पुढे खेचते, कधी मागे. म्हणून अपोलो बंदरला भरतीमापक बसवला. तिथल्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. पुढच्याच वर्षी भारतातल्या बंदरांसाठी लंडनमध्ये भरतीचे भाकीत करणारे यंत्र तयार झाले. त्यातल्या प्रत्येक चाकावर भरतीचा एकेक घटक बसवलेला असे, आणि सगळ्या चाकांवरून गेलेली एकच तार कागदावर बेरजेची रेघ काढी.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तो पौर्णिमेनंतरचा पाचवा दिवस होता. पाऊणपटीच्या हिशेबाने पंचमीची भरती पावणेचारला येते. तक्त्यात ती दुपारी २:५० ला होती, उंची ४.४८ मीटर. पावसाळ्यात साडेचार मीटरवरच्या भरत्यांचे दिवस आणि वेळा महापालिका आधीच जाहीर करते. यादीतल्या बहुतेक वेळा पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या दोन-तीन दिवसांतल्या, दुपारी १२ ते ३ च्या दरम्यानच्या असतात. त्या तासांत समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडांवर जाते, आणि शहरावर पडणारे पाणी ओहोटी लागेपर्यंत बाहेर पडत नाही.