काउंटी शेती अनुदान (अमेरिका)

अमेरिकेत केंद्र सरकार शेतकऱ्याला जे पैसे थेट देतं त्याचा कारभार काउंटीच्या ऑफिसातून चालतो, आणि काही योजनांत तर रक्कमसुद्धा काउंटीच्या सरासरीवर ठरते. काउंटी म्हणजे राज्याखालचा प्रशासकीय विभाग, एकट्या कॅन्ससमध्ये अशा 105 आहेत. हे ऑफिस आज फार्म सर्व्हिस एजन्सीचं असतं, पण जुने शेतकरी अजूनही त्याला एएससीएसच (आधीच्या संस्थेचं नाव, अॅग्रिकल्चरल स्टॅबिलायझेशन अँड कॉन्झर्व्हेशन सर्व्हिस) म्हणतात.

शेतकऱ्याला असे थेट पैसे देण्याची कल्पना मुळात कोणाची यावर वाद आहे. पेरा कमी करायचा आणि त्या बदल्यात देशात खपणाऱ्या मालाच्या हिश्शावर पैसे द्यायचे, असा विचार कृषी खात्यातले डब्ल्यू. जे. स्पिलमन यांनी साधारण 1927 च्या सुमारास मांडला. काही जण रॉकफेलर निधीचे संचालक असलेले बिअर्डस्ली रमल यांनाही श्रेय देतात. हार्वर्डच्या जॉन डी. ब्लॅक यांनी 1929 मध्ये योजनेची नीट मांडणी केली. पण शेतकऱ्याशी स्वेच्छेचा करार आणि गावपातळीवर शेतकऱ्यांचीच कमिटी, हा जो भाग पुढे टिकला तो मोंटानाचे कृषी अर्थतज्ज्ञ एम. एल. विल्सन यांनी लावून धरला, म्हणून काउंटीच्या बाबतीत तरी विल्सन यांचं श्रेय जास्त पटतं. 12 मे 1933 ला त्यावरून कृषी समायोजन कायदा (अॅग्रिकल्चरल अॅडजस्टमेंट अॅक्ट) झाला, ध्येय होतं 1909 ते 1914 मध्ये शेतमालाची जी खरेदीशक्ती होती ती परत आणायची. जानेवारी 1936 मध्ये सुप्रीम कोर्टाने बटलर खटल्यात तो 6 विरुद्ध 3 मतांनी रद्द केला, मग पुढच्याच महिन्यात जमीन संधारणाच्या नावाने नवा कायदा आला आणि पैसे देणं चालू राहिलं.

आजच्या एआरसी (अॅग्रिकल्चर रिस्क कव्हरेज) योजनेत, म्हणजे काउंटीचं एकरी उत्पन्न हमीच्या खाली गेलं की पैसे देणाऱ्या योजनेत, मात्र हिशोब समजून घ्यावाच लागतो. मागच्या पाच वर्षांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून उरलेल्या तीन वर्षांचं काउंटीचं सरासरी उत्पादन काढतात, भावाचंही तसंच, आणि दोन्हींचा गुणाकार करतात. समजा एकरी 40 बुशेल (धान्य मोजायचं अमेरिकी माप) गहू आणि 6 डॉलर भाव, म्हणजे 240 डॉलर. 2018 च्या शेती कायद्यात त्याच्या 86 टक्के, म्हणजे 206.40 ची हमी होती. यंदा काउंटीत 30 बुशेलच निघाले आणि भाव तोच राहिला तर 180, तूट 26.40, पण 240 च्या 10 टक्के ही मर्यादा असल्याने मिळणार 24, तेही बेस एकरांच्या 85 टक्क्यांवरच. हजार बेस एकरांना 20,400 डॉलर. 2025 च्या कायद्याने हमी 90 आणि मर्यादा 12 टक्के केली. पैसे पीक निघाल्यावर पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर येतात. बेस एकर म्हणजे जमिनीच्या जुन्या पेऱ्यावरून ठरलेला आकडा, यंदा काय पेरलं त्याचा संबंध नाही. त्यामुळे एखाद्याचं शेत गारपिटीने साफ झालं आणि बाकी काउंटीत पीक चांगलं आलं तर त्याला यातून काहीच मिळत नाही, त्यासाठी वेगळा पीक विमा लागतो.

रोख खंडाने शेती कसणाऱ्याला पैसे मिळतात, वाट्याने कसत असेल तर मालकासोबत विभागून. खंड वाढवून त्यातला काही हिस्सा मालक परत घेतात असं बरेच अर्थतज्ज्ञ म्हणतात, किती यावर एकमत नाही.

हे दुखणं जुनंच आहे. 1933 च्या कापूस करारात पैसे जमीनमालकाच्या हातात गेले, कुळांना त्यांचा वाटा अनेक ठिकाणी दिलाच गेला नाही, पेरा घटला म्हणून कित्येकांना जमिनीवरून काढलं, आणि 1934 मध्ये आर्कान्सातल्या टायरोन्झाला गोऱ्या-काळ्या कुळांनी मिळून संघटना उभी केली. काउंटी कमिटी शेतकऱ्यांतूनच निवडून येते, तीन वर्षांसाठी. दक्षिणेत या कमिट्या वर्षानुवर्षं जवळपास पूर्ण गोऱ्यांच्याच होत्या. काळ्या शेतकऱ्यांना कर्ज आणि मदत देताना भेदभाव झाला या तक्रारीवरचा पिगफर्ड खटला 1999 मध्ये तडजोडीने मिटला, सरकारला सुमारे 1 अब्ज डॉलर द्यावे लागले.