दोन मिलिमीटरची सुई कशाची करावी?

बाळाचे मोजे बारीक लोकरीत विणायचे तर दीड-दोन मिलिमीटरच्या दुटोकी सुया लागतात. त्या घरी करता येतात, पण धातू चुकला तर घासण्याची सगळी मेहनत वाया जाते.

सुई हातात किती लवते, हे धातूचा ताठपणा आणि जाडी यांवर ठरतं. जाडीचा परिणाम चौथ्या घाताने होतो. जाडी निम्मी केली की ताठपणाचा सोळावा हिस्साच उरतो. 4 मिलिमीटरला छान चालणारं ॲल्युमिनियम 2 मिलिमीटरला लवलवतं ते यामुळेच. पोलाद ॲल्युमिनियमच्या सुमारे तिप्पट ताठ, पितळेच्या जवळपास दुप्पट, बांबूच्या तर दहा पटींहून अधिक. त्यामुळे या मापाला पोलादच हवं. चांदीकामाचं हुपरी गाव जवळ आहे म्हणून चांदीच्या सुया घडवून घ्याव्याशा वाटतील, पण चांदी मऊ. घट्ट विणणाऱ्या हातात त्यांची कमान होईल.

पोलाद जितकं कडक तितकं कमी लवतं, हा मात्र गैरसमज. सारख्या जाडीची पियानोची तार (कडक पोलादाची) आणि साधी लोखंडी सळई थोड्या दाबाला सारख्याच लवतात. दाब वाढला की फरक कळतो: सोडल्यावर तार पुन्हा सरळ होते, सळई वाकलेलीच राहते. पण पियानोची तार बहुधा वेटोळ्यात मिळते आणि तो बाक काढता काढता नाकीनऊ येतात. शिवाय कोल्हापूरच्या पावसात ती गंजते आणि पांढऱ्या लोकरीवर तांबूस डाग पडतात.

आमची पसंती टिग वेल्डिंगच्या स्टेनलेस फिलर रॉडला (वेल्डिंग करताना वितळवून सांध्यात भरतात ती सळई), 308 एल प्रतीच्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात 1.6 किंवा 2 मिलिमीटरचा मागावा. यात सुमारे 20 टक्के क्रोमियम असतं, म्हणून गंज धरत नाही. तांबूस दिसणारा रॉड घेऊ नका. तो साधं पोलाद असतो, वर तांब्याचा मुलामा. सरळपणा दुकानातच पाहा: काचेवर लोळवला की खालून उजेडाची फट दिसता कामा नये.

एका मीटरच्या रॉडमधून 19 सेंटिमीटरच्या पाच सुया निघतात. संच एकाच रॉडचा असावा, म्हणजे टाके सारखे पडतात. तुकडा ड्रिलच्या चकमध्ये धरा, मोकळं टोक लाकडी ठोकळ्याच्या खाचेत टेकवा आणि वेग कमीच ठेवा, नाहीतर सळई फटकारते. चष्मा हवाच, हातमोजे नकोत. बारीक कानशीने 8 मिलिमीटर लांबीचा उतार काढा. टोक अर्धा मिलिमीटर गोल ठेवा. अणकुचीदार टोक लोकरीचे पदर फोडतं आणि बोटही. मग 220, 400, 800, 1200 नंबरचे पॉलिश पेपर याच क्रमाने. मधला नंबर गाळला तर आधीचे ओरखडे तसेच राहतात. शेवटचा हात ड्रिल थांबवून, सुईच्या लांबीच्या दिशेने फिरवा, कारण टाका त्याच दिशेने सरकतो.

आता सुई कापसाच्या बोळ्यातून ओढा. एक जरी तंतू अडकला, तरी तिथे बर (धातूची बारीक कुसळ) राहिली आहे. 800 नंबरवर परत या.