राजघराण्यांच्या वंशावळी आणि आईकडून आलेला पुरावा

25 ऑगस्ट 2012 रोजी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात एका वाहनतळाचं डांबर फोडून उत्खनन सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी माणसाच्या पायांची हाडं लागली. काही दिवसांनी पूर्ण सांगाडा मोकळा झाला. पावलं नव्हती, ती नंतरच्या कुठल्या तरी बांधकामात गेली असावीत. पाठीचा कणा एका बाजूला वाकलेला होता आणि कवटीवर शस्त्रांचे घाव होते. त्या जागी पूर्वी फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ होता, आणि बॉसवर्थच्या लढाईत 22 ऑगस्ट 1485 रोजी मारला गेलेला इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड त्याच मठात घाईघाईनं पुरला गेला, अशी जुनी नोंद होती.

हाडं त्याचीच, हे ठरवायचं कसं? कार्बनच्या मोजणीतून काळ जुळला: 1456 ते 1530. वय जुळलं, रिचर्ड मेला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. पण कणा वाकलेला, लढाईत मेलेला तिशीतला पुरुष त्या काळात दुसरा कुणी नव्हताच असं छातीठोकपणे सांगता येत नाही. रक्ताचा पुरावा हवा होता. आणि रिचर्डचा एकुलता एक औरस मुलगा 1484 मध्येच, लहानपणी वारला होता. त्याचा थेट वंश चाललाच नाही. म्हणजे पुरावा शोधायचा तर भावाबहिणींच्या वंशातून शोधायला हवा, आणि मध्ये पाचशेहून अधिक वर्षं.

युरोपातल्या सरदार-दरकदारांच्या वंशावळींचा विज्ञानाला मोठा उपयोग होतो तो अशा वेळी. सामान्य माणसाचे पूर्वज शोधायला गेलं, तर इंग्लंडमध्ये चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींपाशी गाडी अडते, कारण त्या नोंदी 1538 पासूनच्या आहेत. सरदारांचं तसं नाही. जमीनजुमला, पदवी आणि वारसा यांसाठी त्यांनी लग्नाचे करार, मृत्युपत्रं, थडग्यांवरचे लेख, न्यायालयातले दावे असं सगळं जपून ठेवलं. माणसांच्या इतक्या पिढ्यांची लिखित नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते, आणि ती वंशशास्त्रज्ञांच्या हाती आयती आली आहे.

पण या नोंदींना एक कल आहे. त्या बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या आहेत. जर्मनीतल्या गोथा शहरातून 1763 पासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत राजघराण्यांची जी प्रसिद्ध वार्षिक सूची निघत असे, तिच्यातही घराणं म्हणजे पुरुषांची साखळी. आपल्याकडच्या जुन्या कुलवृत्तांतांत मुलीच्या नावापुढे सासरचं गाव आणि नवऱ्याचं नाव लिहून शाखा थांबते, तसंच तिथेही. रिचर्डच्या सांगाड्यापुढे उभं राहिल्यावर मात्र शास्त्रज्ञांना हवी होती ती नेमकी ही थांबलेली शाखा.

कारण असं. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका असतात, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया. त्यांचा स्वतःचा एक छोटा डीएनए असतो, 16,569 अक्षरांचा. तो फक्त आईकडून येतो. बापाचा त्यात काही वाटा नाही. शिवाय प्रत्येक पेशीत त्याच्या शेकडो-हजारो प्रती असल्यामुळे पाचशे वर्षं मातीत पडलेल्या दातातूनही तो मिळण्याची शक्यता खूप जास्त. रिचर्ड आणि त्याची बहीण यांना हा डीएनए एकाच आईकडून मिळाला. बहिणीनं तो आपल्या मुलीला दिला, तिनं तिच्या मुलीला. मध्ये एकही मुलगा न येता ही साखळी आजपर्यंत आली असेल, तर तिच्या टोकाशी असलेल्या माणसाच्या पेशींत रिचर्डचाच तंतुकणिकांचा डीएनए असणार.

ही बहीण म्हणजे अ‍ॅन ऑफ यॉर्क, एक्सेटरची डचेस. तिची मुलगी अ‍ॅन सेंट लेजर, तिची मुलगी कॅथरीन मॅनर्स, तिच्या दोन मुली कॉन्स्टेबल घराण्यात. दर पिढीला आडनाव बदलतं, घर बदलतं, पुष्कळदा परगणाही बदलतो. मुलगी कुणाची, हे आईच्या मृत्युपत्रातून शोधायचं. ती कुठे दिली, हे लग्नाच्या करारातून. तिला मुली किती झाल्या, हे चर्चच्या वहीतून. सांगाडा सापडण्याच्या आधीच जॉन अ‍ॅशडाउन-हिल या इतिहासकारानं या साखळीचा एक धागा आजच्या काळापर्यंत आणून ठेवला होता. उत्खननानंतर लेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी तो कागदोपत्री पुन्हा तपासला आणि कॉन्स्टेबल बहिणींपासून वेगळा झालेला दुसरा धागाही शोधून काढला. दोन्ही टोकांना एकेक जिवंत व्यक्ती होती. त्या दोघांना एकमेकांची ओळखसुद्धा नव्हती.

एकाचा डीएनए रिचर्डशी अक्षर न् अक्षर जुळला. दुसऱ्याच्या डीएनएत एकच अक्षर वेगळं निघालं, आणि इतक्या पिढ्यांत एखादं उत्परिवर्तन होणं अगदी स्वाभाविक आहे. शिवाय हा प्रकार युरोपातही दुर्मिळ होता, म्हणून योगायोगाची शक्यता फार कमी. सगळे पुरावे एकत्र मांडून 2014 साली लेस्टर विद्यापीठातल्या जनुकशास्त्रज्ञ ट्युरी किंग आणि सहकाऱ्यांनी जाहीर केलं की सांगाडा रिचर्डचा असण्याची शक्यता 99.999 टक्के आहे. पुढच्या वर्षी मार्चमध्ये लेस्टरच्या कॅथेड्रलमध्ये राजाचं रीतसर दफन झालं.

आता बापाकडच्या साखळीकडे वळू. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाला जातं, म्हणून तीही पडताळणी केली गेली. रिचर्डचा खापरपणजा तिसरा एडवर्ड. त्याच्या जगलेल्या मुलांपैकी तिसऱ्याच्या, जॉन ऑफ गाँटच्या, वंशातून सॉमरसेट घराणं आलं आणि त्यातला ब्यूफर्टचा पाचवा ड्यूक (1744 ते 1803) याच्या पुरुषवंशातल्या पाच हयात पुरुषांची चाचणी झाली. कागदावर हा वंश पक्का. त्या पाचांपैकी चौघांचं वाय गुणसूत्र एकमेकांशी जुळलं, पाचव्याचं त्यांच्याशी जुळलं नाही. आणि रिचर्डशी तर पाचांपैकी एकाचंही जुळलं नाही!

म्हणजे रिचर्ड आणि पाचवा ड्यूक यांच्यामध्ये बाप-मुलाचे जे 19 दुवे कागदावर आहेत, त्यांपैकी निदान एका ठिकाणी कागदावरचा बाप खरा बाप नव्हता. यात कुणी दचकण्यासारखं काही नाही. दर पिढीला अशी शक्यता अवघी एक टक्का धरली, तरी 19 दुव्यांत निदान एकदा साखळी तुटण्याची शक्यता सुमारे सतरा टक्के निघते. ती नेमकी कुठे तुटली, हे या चाचणीतून ठरत नाही. एडवर्डच्या मुलांच्या आसपास तुटली असेल तर सिंहासनावरच्या हक्काचे जुने वाद आठवतील. अठराव्या शतकाच्या जवळ तुटली असेल तर त्याचा राजांशी संबंधच नाही. वर्तमानपत्रांनी पहिल्या शक्यतेवरच रकाने भरले. मला मात्र यातली वेगळीच बाजू महत्त्वाची वाटते. ज्या पुरुषवंशाच्या शुद्धतेवर पदव्या आणि जहागिऱ्या उभ्या होत्या तो तपासात टिकला नाही, आणि जिची कुणी पर्वा केली नव्हती ती मुलींची साखळी इतक्या पिढ्या अखंड निघाली. आई कोण, हे बाळंतपणाला हजर असलेल्या सगळ्यांना दिसतं. बाप कोण, हे कागदावर विश्वासानं लिहिलं जातं.

रशियाच्या झारचं प्रकरणही आईच्याच वंशावर सुटलं. दुसरा निकोलस, त्याची पत्नी अलेक्झांड्रा आणि पाच मुलं यांना जुलै 1918 मध्ये येकातेरिनबुर्गला गोळ्या घातल्या गेल्या. 1991 साली तिथल्या जंगलातल्या एका खड्ड्यातून नऊ सांगाडे काढले. अलेक्झांड्राची ओळख पटवायला रक्त दिलं ते इंग्लंडची तेव्हाची राणी दुसरी एलिझाबेथ हिचे पती प्रिन्स फिलिप यांनी. अलेक्झांड्राची सख्खी बहीण व्हिक्टोरिया, तिची मुलगी अ‍ॅलिस, अ‍ॅलिसचा मुलगा फिलिप. (या व्हिक्टोरियाचा धाकटा मुलगा म्हणजे आपला शेवटचा व्हाइसरॉय लॉर्ड माउंटबॅटन, तंतुकणिकांचा हाच डीएनए त्याच्याकडेही असणार.) नमुने जुळले.

निकोलसच्या बाबतीत मात्र अडचण आली. त्याच्या हाडांत 16,169 क्रमांकाच्या जागी एकाऐवजी दोन अक्षरांचं मिश्रण होतं, आणि मातृवंशातल्या हयात नातेवाइकांत तिथे एकच अक्षर होतं. हा झार नव्हेच, असं म्हणणाऱ्यांना निमित्त मिळालं. मग निकोलसचा भाऊ गेओर्गी, जो 1899 साली क्षयानं वारला होता, त्याची सेंट पीटर्सबर्गमधली कबर उघडली. त्याच्या हाडांतही त्याच जागी तेच मिश्रण! शंकेचं कारण होतं तेच सर्वांत भक्कम पुरावा ठरलं. आपण झारची मुलगी अनास्तासिया आहोत असं जन्मभर सांगणारी अ‍ॅना अँडरसन 1984 साली वारली होती, पण शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेला तिच्या आतड्याचा तुकडा अमेरिकेतल्या रुग्णालयात शिल्लक होता. त्याचा डीएनए फिलिप यांच्याशी जुळला नाही. न सापडलेली दोन मुलं 2007 साली जवळच सापडली, आणि राजपुत्र अलेक्सेईला होणारा रक्तस्राव हिमोफिलिया-बी या प्रकाराचा होता, हेही त्या हाडांतूनच 2009 मध्ये कळलं. तो दोषही व्हिक्टोरिया राणीकडून मुलींमार्फतच युरोपभर गेला होता.

कधी कधी हाडांचीही गरज नसते, वंशावळच पुरते. स्पेनचा हॅब्सबर्ग राजा दुसरा कार्लोस (1661 ते 1700) याची वंशावळ मी एकदा कागदावर मांडून पाहिली. त्यासाठी आयट्सिंगर या वंशावळकारानं 1590 साली वापरलेली क्रमांकांची पद्धत फार सोयीची आहे: माणूस क्रमांक 1, कुणाच्याही बापाचा क्रमांक त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. कार्लोस 1. बाप चौथा फिलिप 2, आई मारियाना 3. आजोबा तिसरा फिलिप 4, आजी मार्गारेट 5. आता आईकडून चला. मारियानाची आई 7, आणि तिचे आईबाप 14 आणि 15. तिथे नावं येतात तिसरा फिलिप आणि मार्गारेट! मारियाना ही आपल्या नवऱ्याची सख्खी भाची होती. मार्गारेटचे वडील आर्चड्यूक चार्ल्स 10 क्रमांकावर येतात, मग 24 वर पुन्हा, आणि 30 वर पुन्हा. चौकटी वाढत जातात, माणसं वाढत नाहीत.

सांतियागो दे कोंपोस्तेला विद्यापीठाचे गोन्सालो अल्वारेस आणि सहकाऱ्यांनी 2009 साली या घराण्याच्या तीन हजारांवर व्यक्तींची वंशावळ घेऊन हिशेब केला. एखाद्या जनुकाच्या आईकडून आणि बापाकडून आलेल्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या एकाच प्रतीतून उतरलेल्या असण्याची शक्यता मामा-भाचीच्या अपत्यात 12.5 टक्के असते, सख्ख्या भावंडांच्या अपत्यात 25 टक्के. कार्लोसमध्ये ती 25.4 टक्के निघाली. मुलगा चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, आठ वर्षांचा होईपर्यंत चालला नाही, असं नोंदी सांगतात. त्याला मूल झालं नाही, आणि तो गेल्यावर वारशासाठी युरोपभर युद्ध पेटलं. त्याला नेमका कोणता आजार होता, यावरचे तर्क मात्र तर्कच आहेत. त्याच्या जनुकांची तपासणी झालेली नाही.

याच हिशेबाची उलटी बाजू सामान्य युरोपीय माणसाला लागू पडते. चाळीस पिढ्या मागे गेलं की वंशावळीत एक लाख कोटीहून अधिक चौकटी होतात, आणि तेवढी माणसं पृथ्वीवर कधी नव्हतीच. तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात. म्हणून 814 साली वारलेल्या शार्लमेन सम्राटाचा वंशज असणं ही युरोपात फुशारकीची गोष्ट नाही. गणित असं सांगतं की आज तिथे मुळं असलेला जवळजवळ प्रत्येक जण त्याचा वंशज आहे. कागदानं ते दाखवता येणं, एवढंच काय ते दुर्मिळ.

आता सुरतेला येऊ. थिओडोर फोर्ब्स हा स्कॉटिश माणूस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तिथे होता. एलायझा केवार्क नावाची बाई त्याच्यासोबत राहत होती. 1812 साली त्यांना कॅथरीन ही मुलगी झाली. फोर्ब्स पुढे मुंबईला व्यापारात शिरला, एलायझा मागे राहिली, लहानग्या कॅथरीनला स्कॉटलंडला पाठवलं गेलं आणि फोर्ब्स 1820 मध्ये मायदेशी परतताना बोटीवरच वारला. त्याच्या कागदांत एलायझाचा उल्लेख घर सांभाळणारी बाई असा येतो. नंतरच्या वंशावळींनी तिला आर्मेनियन म्हटलं. सुरतेत आर्मेनियन व्यापाऱ्यांची जुनी वस्ती होती आणि तिचं नावही त्या वळणाचं आहे, त्यामुळे कुणी फारशी शंका घेतली नाही.

कॅथरीनची मुलगी जेन क्रॉम्बी, तिची रूथ लिटलजॉन, तिची रूथ गिल, जी पुढे लेडी फर्मॉय झाली, तिची फ्रान्सिस आणि फ्रान्सिसची मुलगी डायाना, वेल्सची युवराज्ञी. मध्ये एकही पुरुष नाही. 2013 साली या मातृवंशातल्या दोन नातेवाइकांच्या लाळेची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या तंतुकणिकांचा डीएनए आर-30-बी या गटातला निघाला. हा गट भारतीय उपखंडातला आहे.

ही बातमी वर्तमानपत्रांतून आली, चाचणी एका खासगी कंपनीची होती, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी बोटही ठेवलं. ते रास्त होतं. नमुने दोनच होते आणि डायानाचा थोरला मुलगा प्रिन्स विल्यम याची स्वतःची तपासणी झालेली नाही. शिवाय हा डीएनए फक्त आईच्या आईच्या आईकडे बोट दाखवतो. एलायझाचे वडील आर्मेनियन असू शकतात; त्याबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही. विल्यमच्या त्या पिढीतल्या 128 पूर्वजांपैकी एलायझा ही एक. पण तिच्या आईकडचा वंश भारतातला होता, एवढं मात्र यातून बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं, आणि दोनशे वर्षांच्या कागदांनी ते कधी म्हटलं नव्हतं.

विल्यम आणि हॅरी यांच्यापाशी ही साखळी थांबते, कारण मुलगे हा डीएनए पुढे देत नाहीत. ब्रिटनच्या सिंहासनाच्या पुढच्या पिढीतल्या वारसांपर्यंत सुरतेच्या त्या बाईचा तंतुकणिकांचा डीएनए पोचणार नाही. डायानाला दोन थोरल्या बहिणी आहेत आणि दोघींना मुली आहेत, तिथून तो पुढे चालला आहे.