जागतिक इंडेक्स फंडाची पहिली एसआयपी: बडोदेकरांचे अर्ज अडतात कुठे?

दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या ओळखीच्या लोकांना मी जागतिक इंडेक्स फंडाच्या (परदेशी शेअर निर्देशांकाप्रमाणे पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या) एसआयपीचे, म्हणजे दर महिन्याच्या ठरलेल्या हप्त्याचे, अर्ज भरून देतो. फंड कोणता घ्यावा यावर लोक आठवडेच्या आठवडे चर्चा करतात, आणि अर्ज परत येतो नावाच्या स्पेलिंगवरून. म्हणून आधी नावाचंच बोलू.

पात्रतेत अवघड काही नाही. पॅन हवं, स्वतःच्या नावाचं बँक खातं हवं, केवायसी (ओळख-पत्त्याची पडताळणी) झालेली हवी. मुलाच्या नावाने घ्यायचं तर आई किंवा वडील पालक म्हणून सही करतात.

परवा एका काकूंचे कागद टेबलावर मांडले. पॅनवर ‘पवार’ डब्ल्यूने, आधारवर व्हीने, बँकेत काकांच्या नावाला ‘भाई’ चिकटलेलं आणि आडनाव सगळ्यात आधी. आपल्या गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून हे भाई-बेन लागत जातं आणि कुणाला खटकत नाही. केवायसीत मात्र नाव आणि जन्मतारीख आयकर खात्याच्या नोंदीशी ताडून बघतात, तिथे एक अक्षरही नडतं. तीन अर्ज परत आल्यावर काकू म्हणाल्या, ‘‘अरे, मी तीच आहे ना!’’ त्यांचं खरंच होतं, पण ते सिद्ध करायला कागदच लागतो.

दुरुस्तीचा क्रम चुकवू नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून घाईघाईत तिथे हात घालू नका. आधार बरोबर असेल तर त्याच्या पुराव्यावर आधी पॅन दुरुस्त करा. अर्ज प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या पॅनचं काम बघणाऱ्या संस्थांकडे ऑनलाइन होतो. मग बँक, आणि सगळ्यात शेवटी केवायसी. आधी केवायसी करून मग पॅन बदललंत, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पॅन आणि आधार एकमेकांना जोडलेले आहेत का, हे आयकराच्या पोर्टलवर स्वतः बघा. बँकेत दोन्ही दिलेत म्हणजे जोडणी झाली, असं समजणारे फार भेटतात. जोडणीची मुदत ३० जून २०२३ ला संपली. नंतर जोडणाऱ्यांना १,००० रुपये भरावे लागले. वीजबिल किंवा पासबुक लावून केलेल्या जुन्या केवायसीवरही विसंबू नका, आधारवरून नव्याने करा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो. तो नंबर बंद पडला असेल तर आधी आधार केंद्र गाठा.

दुसरी ठेच पैशाची. हप्ता अर्जदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच जायला हवा. बायकोच्या नावाची एसआयपी नवऱ्याच्या खात्यातून भरली, तर ती तिसऱ्याचा पैसा धरून नाकारतात. संयुक्त खात्यात तिचं नाव असेल तर अडचण नाही. रद्द केलेला चेक देताना त्यावर नाव छापलेलं आहे ना, तेवढं बघून घ्या.

आता ‘फंड बंद आहे’ हे उत्तर. यात तुमची काहीच चूक नसते. भारतीय म्युच्युअल फंडांनी मिळून परदेशात किती गुंतवायचं याची मर्यादा ७ अब्ज डॉलर, आणि परदेशी ईटीएफसाठी (शेअरसारखे बाजारात विकत मिळणारे फंड) वेगळी १ अब्ज डॉलर. ती भरत आल्यामुळे २०२२ च्या फेब्रुवारीपासून अनेक योजनांनी पैसे घेणं थांबवलं. पुढे जागा होईल तसं काही उघडलं, काही पुन्हा मिटलं. वर्षानुवर्षं ही मर्यादा तीच ठेवायची आणि सामान्य माणसाने दर महिन्याला दार उघडं आहे का बघत बसायचं, हे मला पटत नाही. तोवर अर्जाआधी फंडाच्या संकेतस्थळावर ‘नवीन एसआयपी चालू’ आहे का ते वाचा. आणि फंड बंद म्हणून बाजारातून त्याच प्रकारचा ईटीएफ चढ्या भावाने उचलू नका. नवी युनिट निघत नसली की भाव मूळ किमतीच्या बराच वर जातो. आयनॅव्ह, म्हणजे त्या क्षणाची युनिटची खरी किंमत, बघूनच घ्या.

नावातलं ‘जागतिक’ही तपासा, म्हणजे फंड कोणत्या निर्देशांकामागे चालतो ते बघा. एस अँड पी ५०० म्हणजे फक्त अमेरिका. एमएससीआय वर्ल्डमध्ये २३ विकसित देश, भारत नाही. एमएससीआयच्याच एसीडब्ल्यूआयमध्ये उदयोन्मुख देशही येतात, भारतासकट. तरीही मोठा हिस्सा अमेरिकेचाच.

थेट परदेशात पैसे पाठवायचे तर एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली माणशी वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत मुभा आहे. गिफ्ट सिटी गांधीनगरशेजारी आहे म्हणून तिथे पाठवलेले पैसे देशातले ठरत नाहीत, तेही याच मर्यादेत मोजतात. वर्षात १० लाखांच्या वर गेलात की वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. तो गेलेला पैसा नव्हे, रिटर्नमध्ये वळता होतो. पण ती रक्कम तोवर अडकून राहते, हे धरूनच चाला.

थेट घेतलेल्या परदेशी गुंतवणुकीची नोंद रिटर्नच्या शेड्यूल एफएमध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) करायची असते, आणि इथे जवळजवळ प्रत्येक जण चुकतो: हिशोब एप्रिल ते मार्चचा नाही, जानेवारी ते डिसेंबरचा. रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही. तुमच्याकडे एकच युनिट असलं तरी भरा. काळ्या पैशाच्या कायद्यातला दंड १० लाखांचा आहे, छोट्या रकमांना सूट असली तरी तिच्या भरवशावर राहू नका. भारतीय फंडातून घेतलंत तर हे शेड्यूल लागत नाही, म्हणून नवख्यांना मी तोच रस्ता सांगतो. अशा फंडाची युनिट २४ महिन्यांहून जास्त ठेवून विकली, की नफ्यावर १२.५ टक्के कर; त्याआधी विकली तर तुमच्या स्लॅबप्रमाणे.

अर्जात नॉमिनीचा (तुमच्यामागे पैसे कुणाला द्यायचे त्याचा) रकाना रिकामा सोडू नका; आता दहापर्यंत नावं देता येतात. पहिला हप्ता कापला गेला की स्टेटमेंट उघडून नाव, खातं आणि नॉमिनी अक्षरन् अक्षर वाचा. ‘भाई’ परत आला असेल तर त्याच आठवड्यात कळवा.